छऱ्यांची अक्षरं

निइगाता, ११ जून १९६१

जॉमोक,

उद्या सकाळी उत्तर कोरियाचं जहाज सुटतं. इथे एका मोठ्या दालनात आम्हा सगळ्यांना खाटा दिल्यात. कर्ण्यावर दिवसभर गाणी चालू आहेत. तुझी वहिनी तोंड वासून घोरतेय, आणि मी तसं लिहिलं हे तिला कधीही कळू देऊ नकोस.

आई स्टेशनावर जे बोलली ते डोक्यातून जात नाही. "आपण दक्षिणेच्या जेजू बेटावरची माणसं, त्या उत्तर कोरियात आपलं कोण आहे रे?" खरंय. कुणीच नाही. पण ओसाकात तरी कोण होतं? इतकी वर्षं होरिउचि मास्तरांकडे पाट्या रंगवल्या आणि कोपऱ्यात सही केली ती 'यानागावा' या जपानी नावाने. यांग तेगुन नावाचा माणूस पाट्या रंगवतो म्हटलं तर पाटी कोण घेणार? मास्तर भला माणूस, पण गिऱ्हाईक त्याच्याही हातात नव्हतं. तिकडे म्हणे चित्रकार, रंगारी सगळे हवे आहेत. आपल्या भाषेत, आपल्या नावाने पाट्या लिहीन. घर देतात, शाळा फुकट. दोन-तीन वर्षांत येणं-जाणंही सुरू होईल. मग आईला म्हणावं, बघ.

आता कामाचं. पलंगाखाली छऱ्यांच्या अक्षरांच्या कागदांची गुंडाळी आहे. तू चपला चिकटवतेस तेव्हा ती खाली अंथरू नकोस! पाचिंको जुगाराच्या दुकानातले घासलेले, बाद झालेले पोलादी छरे आणून, फळीवर एकेक मांडून, प्रत्येकाभोवती पेन्सिल फिरवून काढलीयेत ती. जवळून पाहिलं तर नुसते छरे. रस्ता ओलांडून मागे वळलं की अक्षर. पलीकडच्या फुटपाथवरून "दादा, कळत नाही, कुत्र्यासारखं दिसतंय!" म्हणून ओरडायचीस तूच. जपानी काताकाना लिपी पूर्ण झालीये. फक्त 'शि' आणि 'त्सु' अजून भांडताहेत. लांबून पाहिलं की दोघी जुळ्या बहिणी. तुझ्या हनुवटीवर तीळ होता म्हणून आजोबांनी तुझ्या नावात 'ठिपका' घातला. तेव्हा ठिपक्यांची राखण तुझ्याकडेच.

तिकडे पोचलो की आपल्या हांगुल अक्षरांचे छरे मांडायला घेतो. पहिला कागद तुला पाठवीन.

तुझा,
दादा

०

इकुनो, ओसाका, २२ ऑक्टोबर १९६१

दादा,

जून गेला, पावसाळा गेला, शरद आला, तुझं पत्र नाही. आई रोज पोस्टमनला अडवते. तो बिचारा आता आमची गल्ली सोडून वळसा घालून जातो. इतकं काय काम लागलंय तुझ्यामागे? का नवीन घर इतकं छान आहे की जुनं आठवतच नाही?

इकडची बातमी ऐकून पाय जमिनीवर ठेव. मी चपला चिकटवणं सोडलं. त्या गोंदाने डोकं भणभणायचं. तुझी गुंडाळी काखेत मारून सरळ मास्तरांच्या दुकानात गेले आणि म्हटलं, "दादाच्या जागी मला घ्या." मास्तर म्हणाले, "पोरीनं शिडीवर चढायचं?" मी म्हटलं, "खाली उभं राहून ओरडायचं काम मला येतंच. चढायचं शिकवा." हसले. ठेवून घेतलं.

त्सुरुहाशीच्या पुलाखाली नवं पाचिंको उघडतंय. त्याची पाटी मास्तरांनी तुझ्या अक्षरांत करायची ठरवलीये. प्रत्येक छऱ्याच्या जागी एक दिवा. मी पन्नास वेळा रस्ता ओलांडून पाहिलं. एक ट्रकवाला मला शिव्या देऊन गेला, त्या तुझ्या खात्यात.

आईने तुझ्यासाठी किमची घातली होती. "पत्ता आला की पाठवीन" म्हणत होती. शेवटी परवा आम्हीच काढून खाल्ली.

पत्ता कळव रे. हे पत्र इथल्या कोरियन लोकांच्या संघटनेच्या कचेरीमार्फत पाठवतेय, पोचेल की नाही देव जाणे.

जॉमोक

०

हामहुंग, ३ मार्च १९६२

प्रिय भगिनी जॉमोक हिस,

आम्ही दोघं सुखरूप आहोत. आम्हाला घर मिळालं आहे. सर्व गोष्टींची काळजी घेतली जाते. माणसं प्रेमळ आहेत. हवा उत्तम आहे. मी एका कारखान्यात काम करतो व त्याबद्दल कृतज्ञ आहे.

आईने माझी मुळीच काळजी करू नये.

सवडीने पुढील वस्तू पाठवता आल्या तर पाठव: लोकरीचे मोजे (जाड, जितके मिळतील तितके), शिवणाच्या सुया, साखरेऐवजी घालतात ती साखरगोळी, पोटाचं औषध, तुझ्या वहिनीसाठी जुना कोट असेल तर तो. जुना चालेल.

तुझा भाऊ,
यांग तेगुन

०

इकुनो, १९ ऑगस्ट १९६२

दादा,

"प्रिय भगिनी जॉमोक हिस"? कुणाकडून मजकूर सांगून घेतलास? आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हे तेगुनचं नाही, हे सरपंचाचं आहे."

मोजे, सुया, औषध, कोट, सगळं पाठवलंय. कोट माझाच आहे, जुना नाही, वहिनीला सांग. पण दादा, एक विचारू? त्या कागदावर इतक्या वस्तू मागितल्यास, आणि आईला "कशी आहेस" एवढं विचारायला जागा उरली नाही? घर मिळालं, हवा उत्तम, मग मोजे कसले मागतोस? तिकडे दुकानं नाहीत का?

जाऊ दे. रागाने लिहिलं, पण खोडत नाही.

पुलाखालची पाटी लागली. संध्याकाळी दिवे लागतात तेव्हा माणसं थबकतात. एक म्हातारा टोपी काढून बघत राहिला होता. मास्तर म्हणाले, "तेगुनला लिही." म्हणून लिहिलं.

हांगुलचा कागद पाठवणार होतास. वाट बघतेय.

जॉमोक

०

इकुनो, ८ नोव्हेंबर १९७०

दादा,

तुझी पत्रं आता वर्षाला एक, आणि ती सगळी एकाच साच्यातली. मीही आताशा पार्सलात चिठ्ठी टाकण्यापलीकडे लिहीत नाही. पण आज लिहिते, कारण आज गप्प बसवत नाही.

दादा, तुझी अक्षरं जिंकली!

छापखान्यांना अक्षरं पुरवणारी इथली एक मोठी कंपनी आहे. काचेवर अक्षरं घेऊन फोटोसारखी छापतात, तसली. त्यांनी नव्या शोभेच्या अक्षरांची स्पर्धा ठेवली होती. मास्तरांनी मला न सांगता तुझे कागद स्वच्छ करून पाठवून दिले. मी मध्ये 'शि' आणि 'त्सु'वर थोडा हात मारला होता, ते त्यांनी तसंच राहू दिलं. देशभरातून आलेल्या अक्षरांतून तुझी पहिली! परीक्षकांनी लिहिलंय, "ही अक्षरं बघताना रस्ता ओलांडावासा वाटतो." मी दुकानात बसून ढसाढसा रडले. मास्तर आत जाऊन उगाच ब्रश धूत बसले.

आता मुख्य गोष्ट ऐक. मास्तरांनी अर्जावर 'यानागावा' लिहिलंच नाही. 'यांग तेगुन' लिहिलं. कंपनी म्हणते, हरकत नाही, तेच नाव छापू. अक्षरांच्या पुस्तकात, देशातल्या प्रत्येक छापखान्यात, यांग तेगुन! सोबत तुझा फोटो आणि चार ओळी तुझ्याबद्दल. त्यांना फक्त तुझ्या सहीचं संमतीपत्र हवंय. कागद सोबत जोडलाय. जिथे पेन्सिलीची खूण आहे तिथे सही कर.

आईची तब्येत बरी नाही. तिला सांगितल्यापासून रोज विचारते, "नाव छापलं का?" तिला वाचता येत नाही. म्हणते, "बोट ठेवून दाखव म्हणजे झालं."

लवकर पाठव.

तुझी जॉमोक

०

हामहुंग, २ मे १९७१

जॉमोक,

तुझं पत्र मिळालं.

तू ज्या अक्षरांबद्दल लिहितेस ती माझी नाहीत. मी जपानात असताना किरकोळ मजुरी करत होतो. रंगाचे डबे उचलण्याचं व शिडी धरण्याचं काम मी केलं. जुगाराच्या दुकानांसाठी शोभेची अक्षरं काढण्यासारखं निरुपयोगी काम मी कधी केलेलं नाही. ती अक्षरं होरिउचि यांची असतील. माझं नाव त्यांच्याशी जोडणं चुकीचं आहे. ते कुठेही छापलं जाऊ नये. माझा फोटो तुमच्याकडे असल्यास तो कुणालाही देऊ नये.

याबद्दल पुन्हा लिहू नकोस.

मोजे पोचले.

यांग तेगुन

०

इकुनो, ३० जुलै १९७१

दादा,

आई नऊ तारखेला गेली.

तुझं पत्र आलं तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली होती. पाकिटावरचा शिक्का बघूनच उठून बसायला लागली. "काय म्हणतो? सही केली?" तुझं पत्र हातात धरून, डोळे त्या ओळींवरून फिरवत, मी तिला सांगितलं, "हो आई. दादाला फार आनंद झालाय. सही पाठवलीये. म्हणतो, आईमुळेच हात वळला." ती म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. जे नव्हतं तेच, पुन्हा. तिने कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, "त्याचं नाव कुठेय?" मी तुझी सही दाखवली. निदान ती तरी खरी होती.

एवढं खोटं मी जन्मात बोलले नव्हते. ते तू बोलायला लावलंस.

मजूर होतास? शिडी धरायचास? अरे, मी लहान असताना तू जेवणाचा पाट बाजूला सारून छरे मांडायचास आणि आई लाटणं घेऊन मागे लागायची. ते कोण होतं? तुला आमची लाज वाटते का? तिकडे मोठा माणूस झालास, आता पाचिंकोच्या पाटीवाला भाऊ म्हणून घ्यायला नको?

मास्तरांनी कंपनीला कळवलं. अक्षरं निघाली, नाव कुणाचंच नाही. नावाच्या जागी नुसती रेघ.

पार्सलं येत राहतील. वहिनी आणि तुझी पोर कुमसिल यांनी काही माझं वाईट केलेलं नाही. पण पत्र लिहिणार नाही.

जॉमोक

०

इकुनो, १४ ऑक्टोबर १९७९

आदरणीय होरिउचि मास्तर,

वाकायामाच्या डोंगरात संत्र्याची झाडं कशी आहेत? तुम्ही दुकान माझ्या हाती सोपवून गेलात, आणि मी पहिल्याच वर्षी ते पंधरवडाभर बंद ठेवलं. कारण तुम्हाला ठाऊक आहे. आता तिकडच्या नातेवाइकांना भेटायला गट नेतात. मी गेले होते. दादा भेटला.

हे पत्र देशातल्या देशात जाणारं आहे म्हणून सगळं लिहिते. वाचून झालं की चुलीत घाला.

हॉटेलच्या खोलीत एक म्हातारा आला, तोंडात पुढचे दात नाहीत, अंगावर कडक इस्त्रीचा उसना सूट. मी त्याच्या मागे दादा येतोय का ते बघत राहिले. तो म्हणाला, "जॉमोक, कुत्र्यासारखा दिसतोय का?" तेव्हा ओळखलं, मास्तर.

सोबत एक मार्गदर्शक बाई होती. पोरगेलीशी, अगदी विनयाने बोलणारी, पण जागची हलत नव्हती. तिच्यासमोर दादा पाठ केल्यासारखा बोलला. घर चांगलं, हवा चांगली. वहिनी आणि मुलगी मान खाली घालून बसलेल्या. मग ती बाई आणखी चहाचं सांगायला बाहेर गेली आणि दादाने माझं मनगट असं काही धरलं की अजून दुखतंय.

"नाव छापलं नाहीस ना?"

"नाही."

"नक्की? कुठेच?"

"नाही रे दादा. तूच तर..."

तो खुर्चीत मागे टेकला. म्हणाला, "आमच्या शेजारी एक होता, ओसाकाहूनच आलेला, व्हायोलिन वाजवायचा. त्याच्या भावाने तिकडच्या मासिकात कौतुकाने त्याचा फोटो छापून आणला. एक दिवस सकाळी बघतो तर घराला कुलूप. बायको, पोरं, कुणी नाही. पुन्हा कुणी त्यांचं नाव काढलं नाही. पुढच्याच महिन्यात तुझं पत्र आलं. ते माझ्या हातात पडलं तेव्हा आधीच फोडलेलं होतं. कुमसिल सहा वर्षांची होती."

मास्तर, आठ वर्षं मी या माणसाला मनात शिव्या दिल्या. माझं पत्र, ते आनंदाने नाचत लिहिलेलं पत्र त्याच्या दारात गेलं तेव्हा त्याच्या घरावर काय आलं असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

आईला मी काय सांगितलं होतं ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तिला खरं तेच सांगितलंस."

मी घाईघाईने सांगत सुटले, की तुझी अक्षरं सगळीकडे आहेत रे दादा, गोळ्यांच्या डब्यांवर, गाण्यांच्या तबकड्यांवर, लहान मुलांच्या छत्र्यांवर. लोक नुसतं 'छरे' म्हणून मागतात. त्याने काय विचारलं असेल? "'शि' चं काय केलंस?" म्हटलं, शेवटचे तीन छरे जरा पसरवले. मान हलवून म्हणाला, "तरीच. ते खालून वर चढले पाहिजेत, पायरी चढल्यासारखे. मला इथे आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात सुचलं." आणि पेल्यातल्या जवाच्या चहात बोट बुडवून टेबलावर ठिपके द्यायला लागला. ठिपके एकासारखे एक. 'शि' झालं. खरंच, मास्तर, जुळ्या बहिणी वेगळ्या झाल्या. मी म्हटलं, "आणि हांगुल?" तो म्हणाला, "सगळी झालीयेत. डोक्यात." आणि पहिलं अक्षर मांडायला लागला.

तेवढ्यात दार वाजलं. त्याने कोपराने टेबल पुसलं आणि मोठ्याने विचारलं, "प्रवासात त्रास नाही ना झाला?"

बाहीला ओल लागली होती. उसन्या सुटाच्या. वहिनी निघेपर्यंत आपल्या रुमालाने ती टिपत होती.

निरोप घेताना त्याने तुमच्यासाठी काही सांगितलं नाही. सांगता आलं नाही. फक्त बस सुटताना खालून दोन्ही हातांनी, तुम्ही शिकवायचात तशी, शिडी धरल्याची खूण केली.

तुमची,
जॉमोक

०

हामहुंग, ६ एप्रिल १९८०

प्रिय भगिनी जॉमोक हिस,

आम्ही सर्व सुखरूप आहोत. तू आलीस तेव्हा हवा फार चांगली होती. तशी हवा त्यानंतर झाली नाही.

पाठवलेला चष्मा मिळाला. लांबचं दिसतं.

तुझा भाऊ,
यांग तेगुन

०

हामहुंग, १० मार्च १९८३

आदरणीय आत्या,

मी यांग तेगुन यांची मुलगी कुमसिल. आपण एकदाच भेटलो, आणि तेव्हा मी काहीच बोलले नाही, म्हणून कदाचित तुम्हाला माझा आवाजही आठवत नसेल.

बाबा फेब्रुवारीत गेले. छातीत कफ झाला होता. तुम्ही पाठवलेलं औषध त्यांनी घेतलं. आईने तुम्हाला कळवायला सांगितलं. ती स्वतः लिहीत नाही.

आत्या, मला तुम्हाला एक विचारायचं आहे. आईला विचारलं तर ती उठून पाणी आणायला जाते. शेवटच्या दिवसांत बाबा तापात होते तेव्हा त्यांनी माझ्याकडे सोयाबीनचे दाणे मागितले. मला वाटलं भूक लागली. त्यांनी ते खाल्ले नाहीत. गोधडीवर एकेक मांडत बसले. मी जवळ बसले की म्हणत, "मागे हो. अजून मागे. दारापर्यंत जा. आता सांग." मी दारापर्यंत जायची, पण मला काय सांगायचं ते कळायचं नाही. मग दाणे विस्कटून पुन्हा मांडायचे. एकदा मला "जॉमोक" म्हणाले आणि म्हणाले, "आता तरी कळलं का?" मी "हो" म्हटलं. ते खूश झाले.

बाबा कारखान्यात गोण्या मोजायचे. त्याआधीचं त्यांनी मला कधीच काही सांगितलं नाही. ते जपानात काय करायचे? ते दाणे कशाचे होते? मी एकुलती एक मुलगी आहे आणि मला माझ्या बाबांबद्दल काहीच माहीत नाही. तुम्ही सांगाल का?

आपली,
कुमसिल

०

इकुनो, ९ जून १९८३

प्रिय कुमसिल,

तुझं पत्र पोचलं. दादा गेला हे वाचून मी दुकान बंद केलं. त्याच्यासाठी इथे भाताची वाटी ठेवली, दारू ओतली, आजीच्या शेजारी त्याचं नाव घेतलं. तू धीर धर. आईला जप.

तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायला मी बरेच कागद फाडले. आता नीट सांगते, आणि तू ते नीट लक्षात ठेव. पुन्हा कुणी विचारलं तर तूही हेच सांग.

तुझे बाबा जपानात मजूर होते. एका दुकानात रंगाचे डबे उचलायचे, शिडी धरायचे. प्रामाणिक होते, कष्टाळू होते. त्यांनी विशेष असं काही केलं नाही. त्यांचं नाव इथे कुठे छापलेलं नाही, कुणाला ठाऊकही नाही. दाण्यांचं म्हणशील तर तापात माणूस काहीही करतो, त्याचा अर्थ लावू नये. तू "हो" म्हणालीस ते फार चांगलं केलंस. मी तिथे असते तर मीही तेच म्हटलं असतं.

मोजे, सुया आणि आईसाठी औषध पाठवलं आहे. तुझ्यासाठी एक कोट आहे, नवा आहे.

आणि पोरी, तुझं अक्षर फार सुंदर आहे. एकेक ठिपका जागच्या जागी. मी पाकीट भिंतीला टेकवून ठेवलं आणि पार रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहिलं. ते कुणावर गेलंय, मला सांगता येणार नाही.

तुझी आत्या,
जॉमोक